छोटी लाइन : शाळेतल्या चालत्या प्रतिकृतीच्या नोंदी

6 जुलै 2024

सातवीला नकाशावाचन घेत होतो. जिल्ह्याच्या जुन्या नकाशावर कारंजा, दारव्हा, यवतमाळ अशी काळी-पांढरी रेघ आहे. तिच्यावर बोट ठेवून एका पोरीनं विचारलं, "सर, हे काय हाय?" आमच्या शाळेपासून ती रेघ दोन किलोमीटरवर. तिच्या घरच्या शेताच्या धुऱ्याला लागूनच रूळ आहेत आणि त्यांना ती रोज बकऱ्या बांधते. या रुळांवरून गाडी जायची हे सांगितल्यावर अर्ध्या वर्गाला खरं वाटेना. आमच्या बाजूची गाडी बंद पडली तेव्हा ही पोरं तीन-चार वर्षांची होती.

ठरवलं, या वर्षीचा प्रकल्प शकुंतलेचा, म्हणजे याच रुळांवरून धावणाऱ्या छोट्या लाइनच्या गाडीचा. नुसतं इंजिन आणि डबे रंगवून कपाटावर ठेवायचे नाहीत. ती गाडी कशी चालायची, कोण उतरायचं, कोण काय ओढायचं, हे हातानं करून दाखवता येईल अशी प्रतिकृती करायची. 26 जानेवारीला गावासमोर मांडायची.

13 जुलै 2024

मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची फळ्यावर यादी केली. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न : एवढ्याशा रुळांची गाडी बांधलीच कशाला? उत्तर आपल्या मातीतच आहे, कापसात. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. 1867 मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे नागपूरला पोचली. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा 13 किलोमीटरचा फाटा सुरू झाला, तो खामगावच्या कापूसबाजारासाठी. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आले होते. एका गावाच्या बाजारासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या काळी आपल्या कापसाला काय मोल होतं ते कळतं. पुढच्याच वर्षी बडनेरा-अमरावती फाटा झाला.

हे दोन्ही फाटे मोठ्या लाइनचे, म्हणजे ब्रॉडगेजचे. आतल्या गावांपर्यंत मोठी लाइन नेणं महाग, म्हणून तिथे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली छोटी लाइन आली. किलिक निक्सन या मुंबईच्या ब्रिटिश पेढीनं 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूरहून उत्तरेला अचलपूर 76 किलोमीटर, दक्षिणेला यवतमाळ 113 किलोमीटर, आणि तिकडे वर्धा जिल्ह्यात पुलगाव-आर्वी 35 किलोमीटर. आर्वीच्या गाडीलाही तिकडचे लोक शकुंतलाच म्हणायचे.

मुलांना सगळ्यात नवल वाटलं ते मालकीचं. 1951 मध्ये देशातल्या रेल्वेची विभागवार फेररचना झाली, मध्य रेल्वे तयार झाली, पण ही लाइन त्या कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी चालवायची सरकारी रेल्वेनं, रूळ कंपनीचे, आणि त्यासाठी करार. एका मुलानं लगेच जुळवून सांगितलं, "म्हंजे वावर एकाचं अन् वाहणार दुसरा. आमचं ठोक्याचं वावर हाय तसंच." याच्याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं.

21 जुलै 2024

रविवारी मोजमापाला गेलो. आठ मुलं, दोन टेप, एक काठी. पाऊस उघडला होता. बाभळीनं दोन्ही बाजूंनी रूळ गिळलेत, पण पुलाजवळ वीसेक मीटर उघडे सापडले. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजलं : 762 मिलिमीटर. दुसऱ्या ठिकाणी 766, तिसऱ्या ठिकाणी पुन्हा 762. शंभर वर्षांच्या आसपासची ही लाइन, देखभाल थांबूनही वर्षं झाली, तरी माप एवढं टिकलंय. एक मुलगा रुळांमध्ये आडवा झाला, तर त्याचे पाय कमरेपासून बाहेर राहिले. ते बघून बाकीच्यांना मापाचा अंदाज आला.

प्रमाण ठरलं 1:24. म्हणजे आमच्या रुळांत अंतर 31.75 मिलिमीटर. व्हरांडा 11 मीटर लांब, खऱ्यातले 264 मीटर. एवढ्या जागेत एक फाटक आणि एक शेवटचं स्टेशन बसतं. तेवढंच करायचं, पण नेमकं करायचं.

स्टेशनच्या आवाराचा जुना आराखडा मिळावा म्हणून एका कार्यालयात तीनदा जाऊन आलो. दर वेळी दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं. आता तो नाद सोडला आहे. फलाटाची लांबी पावलांनी मोजून घेतली.

4 ऑगस्ट 2024

आजचा दिवस या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा. कारंज्याला एक निवृत्त गार्ड राहतात, दोन्ही बाजूंच्या गाड्यांवर त्यांची नोकरी झाली. चार मुलांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. मी त्यांना काका म्हणतो, ते मला मास्तर. चहा झाला, मग त्यांनी माळ्यावरून हातकंदील काढायला लावला.

कंदील जवळून पाहिला. पत्र्याचा, वीतभर उंच, वर कडीसारखी मूठ, आत वातीची जागा. पुढे जाड भिंगाची काच. आत काचेचा एक गोल आहे, डोक्यावरची कळ फिरवली की तो फिरतो : एकदा लाल, एकदा हिरवा, एकदा पांढरा. कळ फिरताना बारीक 'कट्' आवाज येतो. काका म्हणाले, "अंधारात रंग पाहाले कंदील तोंडाकडे वळवाचा नाई. आवाज मोजाचा. डायवर तिकडून तुमच्या उजेडाकडे पाहून राहिला असते. चुकून हिरवा दिसला तं थो गाडी सोडते." मुलांनी डोळे मिटून कळ फिरवून पाहिली. चौघांपैकी तिघांचा रंग बरोबर आला.

मग कामाबद्दल विचारलं. गार्ड म्हणजे झेंडी दाखवणारा, एवढंच मुलांना ठाऊक.

"तिकिटं माह्याच जवळ," काका सांगू लागले. "लहान ठेसनावर बाबू नाई, खिडकी नाई. गाडी उभी राहिली का लोक माह्या डब्याकडे. बाई बोचकं घेऊन येऊन राहिली दिसली तं गाडी थांबवाची, इतक्या दूरून आली बिचारी. अन् फाटक आलं का मोठं काम. फाटकावर मानूस नाई, म्हणून मानूस गाडीतच. फाटकाच्या अलीकडे गाडी उभी. थो उतरे, दोन्हीकडच्या साखळ्या लावे, इकडून माही झेंडी. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी. मंग थो साखळ्या काढे अन् पयत येऊन चढे."

एका फाटकाला गाडी दोनदा थांबायची! हे मला माहीत नव्हतं. या गावात पंधरा वर्षं नोकरी करतोय, शकुंतलेच्या हळूपणाच्या गोष्टी शेकडो वेळा ऐकल्यात : चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा चढता यायचं वगैरे. पण ती हळू का होती, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

शेवटच्या स्टेशनवर इंजिन सोडवून बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला आणायचं, तेही गाडीवरचीच चार-पाच माणसं करायची. समोरून गाडी यायची भीती नव्हती. सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी, तीच जायची आणि तीच परत यायची. एवढ्या मोठ्या लाइनवर सिग्नलचा पसारा न मांडता सुरक्षा सांभाळायची ही जुनी आणि पक्की रीत.

निघताना वाफेच्या इंजिनाचा विषय निघाला. 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं ते इंजिन 1923 पासून ही गाडी ओढत होतं. 15 एप्रिल 1994 ला ते थांबलं आणि डिझेल आलं. काका त्याबद्दल फार बोलले नाहीत. "शिट्टीवरून डायवर कोन हाय थे गावाले कये," एवढंच म्हणाले.

11 ऑगस्ट 2024

मुलांना गणित घातलं. अचलपूर-मूर्तिजापूर 76 किलोमीटर, वेळ चार तासांच्या आसपास. सरासरी ताशी 19. आता प्रत्यक्ष धावताना वेग ताशी 30 धरला तर नुसत्या धावण्याला किती वेळ? 2 तास 32 मिनिटं. उरतात 88 मिनिटं. ही 88 मिनिटं कुठे गेली?

मैदानावर दोन बांबू रोवून फाटक केलं. एक मुलगा उतरला, साखळ्या लावल्या, झेंडी, 'गाडी' पुढे, साखळ्या काढल्या, पळत येऊन चढला. घड्याळ लावलं : 3 मिनिटं 40 सेकंद. वेग कमी करायला आणि पुन्हा पकडायला लागणारा वेळ यात नाहीच. अशी पंधरा फाटकं धरली तरी 55 मिनिटं. बाकीची स्टेशनांवर, तिकिटांत, बोचक्यांत. वहीत एका मुलीनं खाली लिहिलं : "गाडी हळू नव्हती, तिच्याकडं काम जास्त होतं." वही मी जपून ठेवली आहे.

25 ऑगस्ट 2024

चाकांचा प्रश्न सुटला. गावातले सुतारकाका दर वर्षी तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी करतात, चाकांचे. त्यांच्या चरकावर चाकं निघतात. त्यांना आमचं माप दाखवलं, तर आधी म्हणाले, पोळा होऊ द्या, आता मान वर करायला वेळ नाही. मग मुलांनी काढलेलं इंजिनाचं चित्र बघत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, चाकं घेऊन जा. सोळा चाकं सागवानी, प्रत्येकाला आतल्या अंगानं कड. ती कड नसेल तर चाक रुळावरून उतरतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पैसे घेतले नाहीत. मुलांनी नंदीला लावायचा रंग थोडा इंजिनालाही लावा म्हणून आग्रह केला. इंजिन काळंच राहील, पण शिंगांच्या लाल रंगाचा पट्टा पुढच्या फळीला दिला.

8 सप्टेंबर 2024

वाईट बातमी. चार दिवस झड लागली होती आणि व्हरांड्यातली लाइनखालची पाटी फुगली. स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे तुकडे, आम्ही स्वस्तात पडतात म्हणून प्लायच्या पट्ट्यांचे केले होते. पाणी पिऊन ते वाकले आणि रुळांमधलं अंतर एका जागी 30 मिलिमीटरवर आलं. डबा तिथे येऊन चढतो आणि कलंडतो. तीन आठवड्यांचं काम उखडावं लागणार. चूक माझीच, विदर्भातल्या पावसात प्लाय टिकत नाही हे मला कळायला हवं होतं.

सुतारकाकांकडून सागाच्या ढलप्या आणल्या. पुन्हा सुरुवात.

मात्र यातून एक चांगली गोष्ट झाली. रेल्वेत कीमन म्हणून माणूस असतो. तो रोज हातोडा घेऊन आपल्या वाट्याची लाइन पायी चालतो, सैल झालेलं ठोकतो, माप बिघडलेलं कळवतो. आम्ही जुन्या स्टीलच्या पट्टीला 31.75 ला खाचा पाडून मापपट्टी केली. आता रोज प्रार्थनेआधी एक मूल 'कीमन' : 11 मीटर लाइन मापपट्टीनं तपासायची, वहीत सही करायची.

29 सप्टेंबर 2024

काल शनिवारी मुलांना धूळघाट करून दाखवला, म्हणजे सातपुड्यातली रेल्वेची गिरकी. हा शकुंतलेचा भाग नाही, पण विदर्भातल्या नवलाच्या लाइनी म्हटल्यावर धूळघाट सोडणं मला शक्य नव्हतं. लहानपणी मामाकडे जाताना अकोल्याहून खांडव्याच्या मीटरगेज (एक मीटर अंतराच्या रुळांवरच्या) गाडीत बसायचो. अकोट मागे पडलं की सातपुडा, मेळघाटचं सागाचं जंगल. मामा आधीच सांगून ठेवायचा, "आता डाव्या खिडकीत बस." गाडी वळत वळत जायची आणि एका क्षणी पुलावर आल्यावर खाली दुसरा रूळ दिसायचा. तो दुसरा नसायचाच. मघाशी आपण ज्यावरून आलो तोच तो. गाडी स्वतःच्याच वाटेवरून, वर चढून, आडवी जायची. मला आठवतं, खालच्या रुळावर आमच्याच इंजिनाचा धूर रेंगाळलेला असायचा.

मुलांना हे चित्रात कळेना. म्हणून मैदानावर चाळीस मीटरचा नाडा घेतला, गिरकी घालून स्वतःवरूनच नेला. छेदाच्या जागी वरच्या नाड्याखाली बाक ठेवला. चढ का लागतो ते मग आपोआप समोर आलं. रेल्वेला 50 मीटर धावून 1 मीटर चढता येतं असं धरा. आपल्याच रुळावरून पूल न्यायचा तर खालून गाडी जाईल एवढी उंची हवी, समजा 7 मीटर. म्हणजे 350 मीटर तरी रूळ लागणार. डोंगरात सरळ जायला जागा नाही, म्हणून तेवढे मीटर गोल फिरून काढायचे. बैलगाडीची घाटवाट नागमोडी का असते, याचं उत्तरही तेच, असं एकानं लगेच सांगितलं.

ही मीटरगेज 1 जानेवारी 2017 पासून बंद झाली. व्याघ्र प्रकल्पातून मोठी लाइन न्यायची का, यावर मोठा वाद झाला. वाघांच्या बाजूनं मी आहे. तरी त्या गिरकीवरचा तो पूल माझ्या मनातून जात नाही.

13 ऑक्टोबर 2024

मूर्तिजापूरच्या मालधक्क्याचं दृश्य घेतलं. छोट्या लाइनचा डबा मोठ्या लाइनवर चालत नाही : इकडे अंतर 762, तिकडे 1676 मिलिमीटर. म्हणून यवतमाळ, दारव्हा, कारंज्याच्या जिनिंग-प्रेसिंगमधून आलेली कापसाची गाठ मूर्तिजापूरला एका डब्यातून काढायची आणि दुसऱ्यात भरायची. हमालांच्या पाठीवरून. जुन्या हिशोबात एक गाठ 392 पौंडांची, म्हणजे 178 किलोच्या आसपास. मुलांना वजन कळावं म्हणून पोषण आहाराची 50 किलोची तांदळाची गोणी चौघांना उचलायला लावली. मग सांगितलं, अशा साडेतीन गोण्या म्हणजे एक गाठ. थोडा वेळ कुणी बोललं नाही. नकाशावर मूर्तिजापूर, मुंबई, मँचेस्टर अशी रेघ काढताना त्या धक्क्याची नोंद मी मुद्दाम मोठ्या अक्षरात करून घेतली.

9 नोव्हेंबर 2024

दिवाळीनंतर शाळा उघडली, वर्गात निम्मी पोरं. कापसाचा वेचा सुरू आहे. काम थांबलं.

18 नोव्हेंबर 2024

परवा मतदान, आमची शाळा केंद्र आहे. व्हरांडा रिकामा करावा लागला. लाइन पाच तुकड्यांत उचलून स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत ठेवली. प्रत्येक तुकड्यावर खडूनं मूर्तिजापूरकडचं टोक आणि अचलपूरकडचं टोक लिहिलं. मलाही दुसऱ्या केंद्रावर ड्यूटी आहे.

15 डिसेंबर 2024

नागपूरला मोतीबागेतलं नॅरोगेज, म्हणजे छोट्या लाइनचं, संग्रहालय पाहून आलो. 2002 मध्ये सुरू झालेलं. अठरा मुलं, एक भाड्याची गाडी, शिदोरी घरून. निघण्याआधी गोंधळ झाला, कारण आमच्या दारव्ह्याच्या स्टेशनचं नावही दारव्हा मोतीबाग. दोन मुलांचे वडील म्हणाले, दारव्ह्यालाच जायचं तर गाडी कशाला?

दारव्ह्याच्या नावापुढे जंक्शनही लागतं. एके काळी तिथून पुसदला फाटा जायचा. तो उखडून कित्येक पिढ्या झाल्या, नाव राहिलं.

संग्रहालयात आमची शकुंतला नाही असं नाही, पण तिथला जीव बंगाल नागपूर रेल्वेच्या सातपुडा लाइनींचा आहे : गोंदिया-नैनपूर-जबलपूर, नागपूर-छिंदवाडा, आणि नागपूर-नागभीड, जी 2019 मध्ये थांबली. छोट्या लाइनीचं एवढं मोठं जाळं जगात फार थोड्या ठिकाणी होतं. मुलांनी खऱ्या इंजिनाच्या चाकाची आतली कड बोटांनी चाचपली. एकानं खिशातून सुतारकाकांचं चाक काढून शेजारी धरलं. आकार तंतोतंत तोच, फक्त लहान.

12 जानेवारी 2025

गार्डकाकांना मोटारसायकलवर बसवून शाळेत आणलं. चाचणी फेरी. दोघं इंजिनाला, एक गार्ड, एक फाटकाचा, एक रूळ बदलायच्या सांध्याला, तीन प्रवासी. गाडी निघाली, फाटकाअलीकडे थांबली, साखळ्या लागल्या. काकांनी हात वर केला. "थांबा. झेंडी कोन्या बाजूनं दाखवून राहिला तू? डायवर उजवीकडून पाहते. तू डावीकडं उभा. त्याले दिसन काय?"

तिथून पुढे तास गेला. काकांनी प्रत्येक मुलाची जागा पाऊल धरून ठरवली. इंजिन सोडवताना आधी कोण बोलतं, कोण हात दाखवतं, सांधा बदलल्यावर सांध्याचा माणूस कुठे पाहतो. आमच्या दोन चुका निघाल्या. एक, फाटक ओलांडून गाडी थांबल्यावर शेवटचा डबा फाटकापासून पुरेसा लांब नव्हता, बैलगाडीला वळायला जागा हवी. दोन, प्रवासी चढल्याशिवाय गार्ड चढत नाही, आमचा गार्ड आधीच चढून बसला होता.

शेवटी इंजिन बाजूच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला जोडलं. पूर्ण फेरी, एकदाही चाक न उतरता, 14 मिनिटांत. काकांनी खिशातली शिट्टी काढली, पुसली आणि ज्या मुलीनं गार्डचं काम केलं तिच्या हातात दिली. "सव्वीस जानेवारीलोक तुह्याजवळ ठेव," म्हणाले.

25 जानेवारी 2025

उद्या मांडणी. फाटक थोडं मागे सरकवलं, बैलगाडीसाठी जागा सोडली आणि तान्ह्या पोळ्याचा एक नंदी तिथे उभा केला. कीमनची वही भिंतीला टांगली, 97 सह्या. शेजारी मुलांनी काढलेला नकाशा : त्यात वर्धा-यवतमाळ-नांदेड नवी मोठी लाइन वेगळ्या रंगात, तिचा वर्धा-कळंब टप्पा गेल्या फेब्रुवारीत सुरू झालाय.

फाटकाची एक साखळी अडकते आहे, कडी घासून घ्यायची. सकाळी झेंडावंदनाआधी काकांना आणायला सात वाजता निघायचं. हातकंदीलही घेऊन येतो म्हणालेत, वात मात्र आमची.